देवळातला डेकोरेटर आणि सातची मराठी मिस्सा

कोनाडा

गेल्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, संपताना, सूचनांच्या ओघात फादरांनी सांगून टाकलं की सकाळी सातची मराठी मिस्सा पुढच्या महिन्यापासून फक्त पहिल्या रविवारी होईल. बाकीच्या रविवारी सातला इंग्रजी. नंतर अंगणात बरीच कुजबुज झाली. मी त्यात नव्हतो म्हणून तीन घरांतून विचारणा झाली, "तू गप्प का?" तर हे उत्तर. अंगणात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

या धाग्यावर बरेच जण ख्रिस्ती नाहीत, म्हणून थोडी ओळख करून देतो. आम्ही ईस्ट इंडियन. साष्टीच्या, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या, गावठाणांतले, मूळचे इथलेच. कुणी कोळी, कुणी भंडारी, कुणी कुणबी. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालो. हे विचित्र नाव १८८७ सालचं. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली तेव्हा आमच्या पुढाऱ्यांनी ते घेतलं, म्हणजे गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्यांपेक्षा आम्ही वेगळे आहोत आणि कंपनीच्या वेळेपासून इंग्रजांच्या चाकरीत आहोत हे साहेबाला कळावं. घरात चर्चला देऊळच म्हणतो, पुढेही तसंच लिहिणार.

आता मुद्दा. मराठी मिस्सा गेल्याचं मला इतरांएवढं दुःख झालेलं नाही. शिव्या घाला, पण आधी पुढचं वाचा.

मध्यंतरी वारसाच्या एका कामासाठी पॅरिशच्या, म्हणजे आमच्या देवळाच्या मंडळींच्या, कचेरीत जुने दप्तर उघडावं लागलं. पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद पोर्तुगीजमध्ये आहे, आजोबांची लॅटिनमध्ये, बाबांची आणि माझी इंग्रजीत. पणजोबांचं पान इतकं ठिसूळ की उलटायला खालून पोस्टकार्ड सरकवावं लागलं. शाई तपकिरी झालेली, वाळवीने धर्ममातेच्या नावाची अर्धी अक्षरं खाल्लेली. त्या सगळ्या पुस्तकांत मराठीची एक ओळ नाही. मिस्सासुद्धा लॅटिनमध्येच व्हायची. रोममध्ये भरलेली कॅथलिक धर्मसभा, दुसरी व्हॅटिकन परिषद, १९६५ मध्ये संपली, त्याच सुमारास लोकभाषांना वाट मोकळी झाली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहायला लागले आणि मराठी वेदीवर आली. चारशे वर्षांच्या देवळात मराठी मिस्सा जेमतेम साठ वर्षांची.

मग त्याआधी मराठी होती कुठे? गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापाशी. मे महिन्यात तिथे रोज संध्याकाळी लाडीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, व्हायची आणि नंतर उकडलेले चणे वाटायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जायचे, तिथे. बाटली मसाला कुटताना. मयताच्या घरी. हे सगळं फादरांशिवाय व्हायचं, किंवा फादर पाहुण्यासारखे येऊन जायचे. आणि हे सगळं कुणी ना कुणी करायचं.

माझं दुःख आहे ते या 'करण्या'चं. आमच्या लहानपणी प्रत्येक गल्लीला रविवार वाटून दिलेला असे. आमच्या गल्लीची पाळी आली की शनिवारी दुपारी आजी वेदीवरच्या चादरी घरी आणायची. तांदळाच्या पेजेची खळ, मग कोळशाची इस्त्री, आणि लेसच्या कडेला कुणाचंही बोट लागलं तर धपाटा. पोरांनी बाक पुसायचे. फुलं अंगणातली, नाहीतर दादरच्या बाजारातून पहाटे आणलेली. घंटा वाजवणारे दोघं भाऊ होते. मयताची घंटा पुरुषाची वेगळी, बाईची वेगळी, लेकराची वेगळी. ऐकून गल्ली ओळखायची आणि कोण आजारी होतं ते आठवून घर ओळखायची.

आज डेकोरेटर येतो. सणाला प्लास्टिकची ऑर्किडं, कापडी झालरी, एलईडी. जेवण केटररचं. घंटा टायमरवर. चादरी लाँड्रीत. सगळं वेळेवर होतं, नेटकं होतं, बिलही रीतसर येतं. मी स्वतः वित्त समितीत आहे, त्यामुळे बिलं मीच पास करतो, हेही सांगून ठेवतो. फक्त आता पॅरिशला कुणाची गरज उरलेली नाही. लोक येतात, बसतात, जातात.

तर माझं म्हणणं इतकंच: सातच्या मिस्सेसाठी निवेदन लिहून सह्या गोळा करण्याआधी, निवेदन लिहिणाऱ्यांनी एका रविवारी बाक पुसायला यावं.

मीरा दादरकर

मी हिंदू, पण पोर्तुगीज चर्चच्या बसथांब्यावर निम्मं आयुष्य गेलंय, म्हणून बोलते. तिथली आताची इमारत चार्ल्स कोरियांनी सत्तरच्या दशकात केली ना? मूळ देऊळ तर सोळाव्या शतकातलं. जुनं पाडून इतकं वेगळं काहीतरी बांधलं तेव्हा लोक दुखावले नाहीत का? आमच्या वाडीतल्या मारुतीचा नुसता रंग बदलला तर दोन महिने भांडण चाललं होतं.

आणि दुसरं, माझी सासू दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे तिथल्या नवसाच्या प्रार्थनेला, जायची. मेणबत्ती लावायची, हार वाहायची, घरी येऊन गणपतीला नमस्कार करायची. तिला कधी कुणी विचारलं नाही तुम्ही कोण म्हणून.

कोनाडा

मीराताई, दुखावले असणारच. पण मुंबईत देवळं पाडणं आणि हलवणं जुनंच आहे. माहीमचंच घ्या. सेंट मायकल इथल्या सगळ्यांत जुन्या देवळांपैकी, सोळाव्या शतकातलं, पण उभी असलेली वास्तू १९७३ ची. भायखळ्याचं ग्लोरिया चर्च मुळात माझगावात होतं, आताचं १९१३ चं. वांद्र्याच्या डोंगरावरच्या मोतमावलीची आजची इमारत १९०४ ची. जुनं म्हणून आपण जे दाखवतो त्यातलं पुष्कळसं आजोबांच्या वयाचं आहे.

बुधवारची नोव्हेना १९४८ पासूनची. म्हणजे तीही तशी नवीनच प्रथा. आज बुधवारी माहीमला बस वळवावी लागते. तुमच्या सासूबाईंसारख्यांची संख्या तिथे आमच्यापेक्षा जास्त भरेल.

सीप्झ कॅन्टीन

मरोळला कामाला आहे. सीप्झच्या, म्हणजे इथल्या निर्यात औद्योगिक वसाहतीच्या, आत झाडीत एक पडकं चर्च आहे, छप्पर नाही, भिंतींतून पिंपळ उगवलेत. सिगारेट ओढायला जाणाऱ्यांना सिक्युरिटी हाकलते. वर्षातून एक दिवस मात्र गेटवर साड्या-सुटातले म्हातारे लोक रांगेत उभे असतात, ओळखपत्र दाखवून आत जातात. ते काय असतं?

कोनाडा

ते सेंट जॉन द बाप्टिस्ट. जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलं. १८४० च्या सुमाराला साथ आली, माणसं पटापट गेली, आणि उरलेल्यांनी गाव सोडून मरोळला बस्तान हलवलं. जाताना वेदीचं सामान, मूर्ती उचलून नेल्या. मरोळचं सेंट जॉनचं देऊळ त्याच पॅरिशचं पुढचं घर. पडक्या देवळाभोवती नंतर औद्योगिक वसाहत झाली, त्याच्याभोवती कुंपण आलं, आणि तुम्हाला दिसणारे म्हातारे तिथल्या वर्षातल्या एकाच मिस्सेला जातात. उघड्यावर, बिनछपराच्या भिंतीत. पावसाच्या आधी, मे महिन्यात.

मी एकदा गेलोय. खुर्च्या, सतरंज्या, पाण्याचे जार सगळं लोकांनी टेम्पोतून आणलेलं. तिथे डेकोरेटर नव्हता. जागाच अशी की डेकोरेटरला गेटपास कोण देणार!

इतिहासखोड

घंटेचा विषय निघालाय तर राहवत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिकडच्या चर्चांच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरला एक, वाईजवळ मेणवलीला घाटावर एक. अडीचशेहून अधिक वर्षं त्या वाजतायत, फक्त वेगळ्या देवासाठी. मेणवलीच्या घंटेवर मदर मेरीची आकृती आहे म्हणतात, मी कॅमेरा झूम करून बघितलं, खरंच आहे.

कोनाडा, तुमच्या लिखाणात एक गाळलंत. वसई-साष्टी गेल्यावर पोर्तुगीज पाद्री निघून गेले. मग मधल्या काळात तुमची देवळं चालवली कुणी?

कोनाडा

इतिहासखोड, तेच तर माझ्या बाजूचं आहे! गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखालच्या देशी पाद्र्यांनी चालवली, आणि ते होते मोजके. एकेका पाद्र्याकडे कितीतरी गावं. बाकीचं गावकऱ्यांनी रेटलं. लाडीन म्हणायला पाद्री लागत नाही, हे तेव्हा कामी आलं.

त्यानंतरचा प्रकार तर आणखी मजेशीर. इंग्रजी अमलात मुंबईत दोन सत्ता झाल्या: एक पोर्तुगालच्या राजाच्या हक्काची, पाद्रोआदो, आणि दुसरी थेट रोमची, प्रोपगांडा. काही ठिकाणी एकाच गावात दोन देवळं, दोन पाद्री, आणि लग्न जमवताना समोरचं घर कुठल्या बाजूचं हे बघायचं. १८५३ मध्ये माहीमला रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन यांना विरोधकांनी देवळातच कोंडून धरलं. वेढा कित्येक दिवस चालला, शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. हे दुहेरी प्रकरण मिटायला १९२८ उजाडलं. आपला पहिला भारतीय आर्चबिशप, व्हॅलेरियन ग्रेशस, आला १९५० मध्ये. तेव्हा आज मिस्सेच्या वेळेवरून चाललेल्या भांडणाला 'पॅरिश फुटली' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

सरळसोट

हे सगळं ठीक, पण चर्चकडे मुंबईत एवढ्या जमिनी आहेत त्याबद्दल कोण बोलणार?

कोनाडा

तुम्ही वेगळा धागा काढा, मी येतो. आमच्या ट्रस्टच्या जमिनीवर किती अतिक्रमण आहे ते नकाशासकट सांगतो, तुम्हीच दमाल.

वसईचा वारा

मुंबईकरांनो, राग मानू नका. आमच्याकडे वसईत हा प्रश्नच नाही, कारण मराठी मिस्सा हीच मुख्य मिस्सा. १९९८ मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्याच्या आधीपासून मराठीतच प्रार्थना, मराठीतच गाणी, मराठीतच भांडणं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते काही आकाशातून पडले नव्हते. आमच्या मातीत मराठी फादर निपजतात कारण मुलं मराठी शाळेत जात होती.

'जात होती' लिहिलंय, लक्षात घ्या. माझीच दोन्ही पोरं आता इंग्रजी माध्यमात. बंगल्यात राहणारी, पण वाडी सांभाळायला कुणी नाही. पंधरा वर्षांनी असाच धागा मी काढेन बहुतेक.

पण कोनाडा, तुमचं 'मराठी गेली तरी चालेल, बाक पुसा' हे मला पटत नाही. माणूस मरताना कुठल्या भाषेत प्रार्थना मागतो? माझ्या आईनं शेवटच्या रात्री 'नमो मारिये' पुटपुटत डोळे मिटले. नर्स मल्याळी ख्रिस्ती होती, तिनं तिच्या भाषेत सोबत केली. छान केली. पण आईला आपल्या भाषेत उत्तर द्यायला मी होतो म्हणून बरं.

कोनाडा

हे पटलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि वाद घालायचाही नाही.

भायखळा लोकल

आम्ही मराठी प्रोटेस्टंट, त्यामुळे आमच्याकडे मिस्सा नाही, उपासना. आणि आमची गोष्ट तुमच्या उलटी आहे. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ मध्ये, आणि तेव्हापासून मंडळीची भाषा मराठीच. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईतच झाला, त्यांची भजनं आम्ही पेटी-तबल्यावर अजून म्हणतो. १९७० मध्ये उत्तर भारतातल्या कितीतरी मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पाटी बदलली, भाषा नाही बदलली.

आमचं काय गेलं म्हणाल तर शेजार. एकेकाळी मंडळीतली निम्मी कुटुंबं चालत यायची. गिरण्या बंद पडल्या, चाळी विकल्या, लोक कल्याण, बदलापूर, पनवेलला गेले. आता उपासनेची वेळ रेल्वेच्या रविवारच्या मेगाब्लॉकवर ठरते. खरंच सांगतो, आमचे सेक्रेटरी शनिवारी रात्री ग्रुपवर वचन टाकतात आणि खाली ब्लॉकचं वेळापत्रक. मध्य रेल्वेचा ब्लॉक असला की उपदेश आटोपशीर.

तरी लोक दीड तास प्रवास करून येतात. का, तर ज्या बाकावर आजोबा बसायचे तो बाक. बदलापुरात चर्च नाहीत असं नाही.

मीरा दादरकर

मेगाब्लॉक आणि उपदेश! हे वाचून ऑफिसात हसले.

ऑर्गनवाली

कोनाडा अंकल, मला वाटतं मी तुम्हाला ओळखते, पण इथे सांगत नाही. मी पॅरिशच्या कॉयरमध्ये आहे, इंग्रजी मिस्सेच्या. हे मराठीत टाइप करायला मला बराच वेळ लागतोय, सो सॉरी.

तुम्ही म्हणता बाक पुसायला या. आम्ही विचारलं होतं. आम्ही यूथ ग्रुपवाल्यांनी दोन वर्षांपूर्वी नाताळचा गोठा स्वतः बनवतो म्हटलं. उत्तर आलं की स्पॉन्सर आहे, रेडीमेड येणार, तुम्ही सेल्फी पॉइंट सांभाळा. कोविडमध्ये सगळं बंद होतं तेव्हा लाइव्ह मिस्सेचा कॅमेरा, कनेक्शन, सगळं आम्हीच केलं. १६ नोव्हेंबर २०२० ला देवळं उघडली, तेव्हा सॅनिटायझर घेऊन दारात आम्हीच उभे होतो. नंतर एजन्सी आली. कामं आम्ही सोडली नाहीत, आमच्याकडून घेतली गेली. बिलं कोण पास करतं ते तुम्ही वर लिहिलंच आहे.

आणि मराठी मिस्सा मला खरंच नीट कळत नाही, पुस्तकी मराठी आहे ती. पण लाडीन पाठ आहे, नानीकडून. लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीत सगळे आपापल्या खिडकीतून क्रुसाकडे बघून म्हणायचे. तेव्हा तुम्हीही वरच्या मजल्यावरून बेसुरात म्हणत होता.

वसईचा वारा

पोरीनं बरोब्बर पकडलं 😄

कोनाडा

बेसूर हा आरोप मान्य नाही. बाकीचं नोंदवून घेतलंय. येत्या बैठकीत गोठ्याचा स्पॉन्सर हा विषय मी मांडतो. कॉयरमधून दोघांनी बैठकीला यायचं, मागे बसून मोबाइल बघायला नाही, बोलायला.

जुनी वही

सिमित्रीबद्दल, म्हणजे आमच्या दफनभूमीबद्दल, कुणीच बोललं नाही. मुंबईत जागा नाही, त्यामुळे कबर कायमची नसते. काही वर्षांनी कळवतात, आपण जायचं, अस्थी काढून भिंतीतल्या छोट्या कप्प्यात ठेवायच्या. माझ्या वडिलांच्या वेळी मी गेले होते. माणूस हातानं माती बाजूला करत होता, मध्येच थांबून त्यानं मला जपमाळेची साखळी दाखवली, मणी गेले होते, तार राहिली होती. म्हणाला, "ताई, ही पण ठेवू ना आत?" आता कप्पेही भरत आलेत. वर्षातून एकदा, २ नोव्हेंबरला, सगळ्या मृतांच्या दिवशी अख्खी पॅरिश तिथे असते. इंग्रजीवाले, मराठीवाले, हिंदीवाले. तिथे सातची का आठची हा वाद होत नाही, फक्त मेणबत्त्या वाऱ्यानं विझू नयेत म्हणून सगळे एकमेकांना आडोसा करतात. त्या दिवशी सिमित्री स्वच्छ करायलाही आता कंत्राट आहे. ते मात्र बंद करा. आपापल्या माणसाची फरशी आपण धुवावी.

कोनाडा

ताई, मान्य. हाही विषय घेतो.

आता मुळात ज्यासाठी परत आलो ते. ऑक्टोबरचा पहिला रविवार म्हणजे आगेरा, आमचा नव्या भाताचा सण. शेतातून कापलेली भाताची कणसं मिरवणुकीनं देवळात आणायची, फादर आशीर्वाद देतात, मग घरोघरी एकेक लोंबी नेतात, क्रुसाला लावतात. आमच्या गावठाणाची शेतं कधीच गेली, त्यांवर काय आहे ते विचारू नका. गेली काही वर्षं भात डेकोरेटरच आणतो. मागच्या खेपेला त्यानं सोनेरी स्प्रे मारलेला सुका गहू आणला. गहू! फादर नवीन होते, त्यांनी आशीर्वाद देऊन टाकला. पुढच्या बाकावरची एक आजी मोठ्यानं म्हणाली, "ह्यो कोनच्या शेतातला भात गो?"

या वर्षी डेकोरेटर नको असं मी समितीत सांगितलंय. आता भात कुठून?

वसईचा वारा

भात माझ्याकडून घ्या. आमच्याकडे हळवं भात तोवर कापणीला येतं. किती पेंढ्या?

कोनाडा

साधारण तीनशे घरं. प्रत्येकी एक जुडी धरली तर बऱ्याच लागतील. पण जुड्या बांधणार कोण हा दुसरा प्रश्न. आमच्या पिढीत ज्यांना भाताच्या वेठानं जुडी बांधता येते असे आता दोघंच, आणि एकाचा हात थरथरतो.

ऑर्गनवाली

अंकल, हिंदी मिस्सेच्या मुलींना विचारा ना. झारखंड, छत्तीसगडच्या आहेत, त्यांच्या गावी भातच असतो. त्यांच्यातही नव्या भाताचा सण असतो, नवाखानी म्हणतात. माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये काम करणारी एक आहे, तिनं मला गावचे फोटो दाखवले होते. आणि तुम्ही कधी पाचची मिस्सा संपल्यावर थांबलात का? त्या स्वतः खुर्च्या घड्या करतात, झाडू मारतात आणि मग जातात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

कोनाडा

पाचच्या मिस्सेला मी कधी गेलेलो नाही. त्या वेळी वित्त समितीची बैठक असते.

एक अडचण आधीच सांगतो. गावठाणातल्या काही लोकांचं म्हणणं पडेल की आगेरा आपला, बाहेरच्यांनी का. कालच एकानं ऐकवलंय.

इतिहासखोड

त्यांना दप्तरातलं पोर्तुगीज पान दाखवा आणि विचारा, पणजोबांच्या वेळी आतलं कोण होतं.

कोनाडा

दाखवतो. पण पान हाताळायला देणार नाही, फोटो दाखवेन.

वसईचा वारा, शनिवारी सकाळी टेम्पो पाठवला तर चालेल? भाडं पॅरिश देईल, बिल पास करायला मी आहेच. आणि ऑर्गनवाली, या रविवारी पाचच्या मिस्सेनंतर मला दारात भेट, त्या मुलीची ओळख करून दे. बैठक पुढे ढकलतो.

वसईचा वारा

शनिवारी नको, शुक्रवारी संध्याकाळी. ओलं भात रात्रभर बंद टेम्पोत ठेवू नका, वाफ धरतं. अंगणात पसरायला जागा आहे का?

जुनी वही

शाळेचा व्हरांडा आहे. वॉचमनला मी सांगते. भिजू नये म्हणून ताडपत्री आमच्या घरची आहे, माळ्यावर. कुणीतरी उंच येऊन काढून द्या.